घरचं बी: बाल्कनीत पेरणाऱ्यांसाठी एक सविस्तर उत्तर

प्रश्न असा आहे: ठाण्यात फ्लॅट, पूर्वेची बाल्कनी, सकाळचं चार-पाच तास ऊन. नर्सरीतून आणलेली रोपं जगतात; पण पाकिटातलं बी पेरलं की निम्मं उगवत नाही आणि उगवतं त्यातलं बरंचसं आडवं पडतं. बाजारातून आणलेल्या एका चविष्ट टोमॅटोचं बी धरून लावलं, तर प्रत्येक झाडाला वेगळंच फळ आलं. मग बियांच्या भानगडीत पडावं का, की सरळ रोपंच आणावीत?

पडावं. पण सगळ्याच भाज्यांसाठी नाही, आणि पैसे वाचवायला तर मुळीच नाही. माती, कुंड्या, खत, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) यांचा खर्च धरला तर बाल्कनीतली कोथिंबीर मंडईतल्या जुडीपेक्षा महागच पडते. बियांपासून लावण्याचा खरा फायदा निवडीचा आहे. नर्सरीवाला ठेवणार टोमॅटो, मिरची, वांगी, फार तर ढोबळी. मंडईत येणार ते टेम्पोत टिकणारं आणि गाळ्यावर दोन दिवस ताजं दिसणारं. चुका, चंदनबटवा, अंबाडी, तांदुळजा, गावाकडचा वाल, कोकणातलं तवसं, गोव्यातला सात शिरांचा भेंडा हे सगळं तुमच्याकडे रोप म्हणून येणार नाही. ते कुणाच्या तरी हातून पुडीतूनच येतं. आणि त्यातल्या एखाद्या झाडाचं बी तुम्ही धरलंत की पुढच्या वर्षी ती पुडी तुमच्या हातून दुसऱ्याकडे जाते. माझ्या मते बागकामातला सगळ्यात मोठा आनंद इथेच आहे, आणि घरची बाग पसरते ती याच वाटेनं. म्हणून बी पेरण्यावर थांबू नका, निदान एका भाजीचं बी धरण्यापर्यंत जा.

आधी वाटणी करून टाकू. टोमॅटो, वांगी, मिरची यांचं रोप उपटून लावलेलं चालतं, किंबहुना मानवतं. घाई असेल तर ही तीन रोपं खुशाल विकत आणा. भेंडी, गवार, चवळी, घेवडा, मुळा, गाजर, मेथी, कोथिंबीर यांचं बी मात्र जिथे वाढवायचं तिथेच टाकायचं. यांची मुळं हलवलेली खपत नाहीत. काकडी-दोडक्याचंही तसंच, अगदीच हवं असेल तर कागदी पेल्यात उगवून पेल्यासकट लावा. नर्सरीत भेंडीचं रोप दिसलं तर त्याकडे न बघता पुढे चला.

आता न उगवण्याबद्दल. सगळ्यात आधी पाकीट उलटं करून वाचा. चाचणीची तारीख, वैधता, किमान उगवणशक्ती आणि लॉट नंबर छापलेला असतो. टोमॅटोच्या प्रमाणित बियाण्याला किमान ७० टक्के आणि मिरचीला ६० टक्के उगवण लागते. म्हणजे मिरचीच्या दहापैकी सहा बिया उगवल्या तरी पाकीट खोटं नाही. पण तेच पाकीट दुकानाच्या दर्शनी काचेमागे दोन उन्हाळे तापलेलं असेल तर छापलेल्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. म्हणून कुंडी भरण्याआधी दहा बिया ओल्या रुमालात गुंडाळून, डब्यात झाकून ठेवा. मेथीला दोन-तीन दिवसांत मोड दिसतात, भेंडीला चार-पाच, टोमॅटोला आठवडाभर, मिरचीला दोन आठवडेही लागतात. दहापैकी तीनच फुटल्या तर बी तिप्पट टाका, एकही फुटली नाही तर दुकानदाराला भेटा. घटस्थापनेला आपण परडीतल्या मातीत धान्य पेरतो आणि नऊ दिवसांत कसं उगवलं ते बघतो. रब्बीच्या पेरणीआधी घरातलं बी पारखून घेण्याची ती सोय होती असं जुने शेतकरी सांगतात आणि मला ते पटतं.

बी चांगलं असूनही उगवत नाही याला बहुतेक वेळा खोली कारण असते. बियाच्या जाडीच्या दोन-तीन पट माती वर हवी, त्याहून जास्त नको. राजगिरा, माठ, तांदुळजा यांचं बी मोहरीहून बारीक. ते बोटभर खोल गेलं की संपलं. ते मुठीत कोरड्या रेतीबरोबर मिसळून वरून भुरभुरवा आणि चाळलेल्या खताचा नुसता पापुद्रा द्या. कारल्याचं कवच जाड असतं, टोकाकडे नखकात्रीनं जरासं खरवडून रात्रभर भिजवा. भेंडीही रात्रभर भिजवलेली बरी.

कोथिंबिरीबद्दल सगळेच विचारतात, म्हणून जरा थांबतो. आपण ज्याला धण्याचा एक दाणा म्हणतो त्यात दोन बिया असतात. जमिनीवर चपलेनं किंवा पोळपाटावर लाटण्यानं हलकेच रगडून तो दोन फाकांत वेगळा करायचा. भुगा करायचा नाही. वाण्याकडचे धणे चालतात, फक्त नवीन हंगामाचे आणि वास असलेले घ्या. रगडून रात्रभर भिजवले तरी उगवायला आठ ते बारा दिवस लागतात. सहाव्या दिवशी कंटाळून माती उकरणारे लोक मी भरपूर पाहिले आहेत. आणि एप्रिल-मेमध्ये ठाण्याच्या उकाड्यात कोथिंबीर रुसते, नीट उगवत नाही, उगवली तर चार पानांवर फुलायला लागते. दसऱ्यानंतर पेरा, तेच धणे बघा कसे येतात.

आता आडवं पडणं. रोप दोन पानांचं होतं आणि एका रात्रीत मातीला टेकतं. बुंध्याशी पाहिलं तर देठ चिमटल्यासारखा बारीक आणि पाणचट झालेला असतो. ही रोपांची मर. मातीतल्या बुरशीमुळे होते आणि त्या बुरशीला ओलसर, कोंदट, वारा नसलेली जागा लागते. आपण प्रेमानं दिवसातून दोनदा पाणी घालतो, वर प्लास्टिक झाकतो आणि दाट पेरतो, म्हणजे तिच्या सगळ्या मागण्या पुऱ्या करतो. उपाय साधे आहेत. बी विरळ टाका. वरचा थर सुकल्याशिवाय पाणी नको. ट्रे ताटलीत ठेवून खालून पाणी पिऊ द्या आणि अर्ध्या तासानं उरलेलं ओतून टाका. उगवण दिसली त्या क्षणी झाकण काढा. कृषी सेवा केंद्रात ट्रायकोडर्मा मिळते, ती मित्रबुरशी मूठभर ओलसर शेणखतात मुरवून पेरणीच्या मातीत मिसळा. रोप एकदा पडलं की त्याला उभं करणारं औषध नाही, शेजारची रोपं वाचवायची असतात.

मर वेगळी आणि रोप लांबुळकं होऊन लवणं वेगळं. सुतासारखा पांढुरका देठ, वर दोन इवली पानं, सगळं एका बाजूला झुकलेलं असेल तर तिथे ऊन कमी पडलं आहे. बी घरात उबेला ठेवायला हरकत नाही, पण हिरवा ठिपका दिसला की त्याच दिवशी कठड्याशी. तुमच्याकडचं चार-पाच तासांचं ऊन पालेभाज्या, चवळी, वाल, मिरची आणि लहान फळांचा टोमॅटो यांना पुरतं. दुधी-भोपळ्याचा हट्ट धरू नका.

मातीवर मी फार वेळ घालवत नाही, कारण त्यावर लोक गरजेपेक्षा जास्त वाद घालतात. एक भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग धुतलेलं कोकोपीट, आणि डब्याला तळाशी भोकं. बस. घरातला ओला कचरा आणि सोसायटीतला पालापाचोळा मुरवून माती तयार करण्याची वाट आपल्याकडे श्रीपाद दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवार’ या शेती-बागेत प्रयोग करणाऱ्यांच्या जाळ्यातून कित्येक घरांपर्यंत नेली. स्वतः गणित शिकवणारा माणूस. पाचोळा जाळू देऊ नका, मागून घ्या. एवढं केलंत तरी विकतच्या खताची गरज निम्म्यावर येते.

आता त्या टोमॅटोकडे येऊ. तुमचं काहीही चुकलं नाही आणि बीही वाईट नव्हतं. बाजारात येणारा टोमॅटो बहुतेक करून संकरित वाणाचा असतो. दोन वेगवेगळ्या जातींचा संकर करून पहिल्या पिढीचं बी विकतात. त्या पिढीतली सगळी झाडं एकसारखी येतात. त्या फळांतलं बी पेरलं की दुसऱ्या पिढीत आजी-आजोबांचे गुण सुटे होतात आणि प्रत्येक झाड आपापलं वाटप घेऊन उगवतं. एकाला आंबट, एकाला गुळगुळीत, एकाला लिंबाएवढं. मजा म्हणून त्यातल्या सगळ्यात आवडलेल्या झाडाचं बी धरत गेलात, तर सहा-सात पिढ्यांनी ते बऱ्यापैकी स्थिर होतं. टोमॅटोचं फूल बहुतांशी स्वतःच्याच परागावर फळतं म्हणून हे घरी जमू शकतं. पण सुरुवात याने करू नका.

सुरुवातीला असं बी घ्या जे पुढच्या पिढीत तसंच उतरतं. ते दोन प्रकारचं असतं: गावठी, आणि विद्यापीठांनी-संशोधन संस्थांनी दिलेलं सुधारित. भेंडीत परभणी क्रांती आणि अर्का अनामिका, टोमॅटोत पुसा रूबी आणि अर्का विकास यांचं बी धरता येतं. फक्त नावावर जाऊ नका. अर्का म्हणजे बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं वाण एवढंच कळतं. त्यांचाच अर्का रक्षक टोमॅटो मात्र संकरित आहे. पाकिटावर ‘संकरित’, ‘हायब्रिड’ किंवा ‘एफ-१’ असं कुठेतरी बारीक अक्षरात असतंच, ते शोधा. संकरित म्हणजे वाईट असं अजिबात नाही; एका हंगामात भरपूर मिरच्या हव्या असतील तर जरूर लावा. त्याचं बी धरायचं नाही, इतकंच. आणखी एक: पाकिटातलं बी गुलाबी, निळं किंवा हिरवं दिसत असेल तर त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. पेरल्यावर हात धुवा, उरलेलं लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, आणि असल्या धण्या-मेथीचं उरलेलं बी फोडणीच्या डब्यात तर चुकूनही नको.

बी धरायला सगळ्यात सोपी शेंगवर्गीय भाजी. चवळी, घेवडा, वाटाणा यांची फुलं उमलण्याआधीच आतल्या आत फळून जातात, मधमाशीची वाट बघत नाहीत. त्यामुळे शेजाऱ्याच्या गच्चीवर दुसरी जात असली तरी तुमचं बी फारसं बिघडत नाही. वेलीवरच्या पहिल्या चांगल्या शेंगा खायच्या नाहीत, हा मोह आवरला पाहिजे. लोक उलटं करतात: छान छान खातात आणि शेवटच्या कुरूप, किडक्या चार शेंगा बियाला ठेवतात. मग पुढच्या वर्षी तक्रार. निरोगी वेलीला लाल फीत बांधून घरात सगळ्यांना सांगून ठेवा की या शेंगा तोडायच्या नाहीत. शेंग वेलीवरच वाळून खुळखुळ वाजली की काढा.

टोमॅटोचं बी बुळबुळीत आवरणात असतं आणि ते आवरण उगवण रोखून धरतं. पूर्ण पिकलेलं फळ कापून गर वाटीत घ्या, चमचाभर पाणी घाला, झाकून एक-दोन दिवस आंबू द्या. वर फेस आणि घरात वास येईल, घरचे बोलतील, पण वाटी खिडकीबाहेर ठेवता येते. मग भरपूर पाण्यात धुवा. चांगलं बी तळाला बसतं, पोकळ वर तरंगतं. स्टीलच्या ताटलीत किंवा कापडावर पसरून सावलीत वाळवा. कागदावर वाळवलंत तर ते चिकटून बसतं.

वांग्याचं बी भाजीच्या वांग्यात मिळत नाही, कारण ते कोवळं असतं. फळ झाडावर पिवळं, तपकिरी, खाण्याच्या पलीकडचं होऊ द्यावं लागतं. काकडीचंही तसंच. भेंडी झाडावर वाळून शिरांवर तडकायला लागते तेव्हा काढायची. मिरची पूर्ण लाल होऊन सुरकुतली की. भेंडी, वांगी, मिरची यांत मधमाश्या थोडी सरमिसळ करतात. म्हणून कळी उमलण्याआधी तिच्यावर मलमलची किंवा ऑर्गंझाची छोटी थैली बांधायची आणि फळ धरलं की थैली काढून देठाला दोरा बांधायचा. मिरचीत हे करा आणि गोड मिरचीशेजारी लवंगी लावली असेल तर नक्कीच करा. मुळा, पालक, मका यांच्या नादी बाल्कनीत लागू नका. मुळ्याला मधमाशी लागते, पालकाचे पराग वाऱ्यावर दूरवर जातात, मक्याला वारा आणि खूप झाडं लागतात.

वेलींची गोष्ट वेगळी आणि फार गमतीची. नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. मादीच्या मागे इवलंसं फळ आधीच दिसतं. आठव्या मजल्यावर मधमाशी येईलच असं नाही, मग ती इवली फळं पिवळी पडून गळतात आणि आपण खतं बदलत बसतो. नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या मागे करा आणि मादीच्या मध्यभागी हलकेच टेकवा. वेळ मात्र प्रत्येकीची वेगळी. काकडी, कारलं, भोपळा, घोसाळं सकाळी. दोडका आणि दुधी मात्र दुपार कलल्यावर, संध्याकाळी उमलतात. सकाळी ब्रश घेऊन गेलात तर मिटलेलं फूल भेटेल. पडवळाची जाळीदार पांढरी फुलं तर अंधार पडू लागला की. आणि एक गंभीर सूचना: घरी धरलेल्या बियाचा दुधी, काकडी किंवा घोसाळं कधी कडू निघालं तर ते शिजवू नका, रस काढून पिऊ नका. एक चकती जिभेला लावायची, कडू लागली की थुंकायची आणि फळ खतात टाकायचं. त्या कडवटपणानं माणसं रुग्णालयात पोचली आहेत. त्या वेलीचं बीही ठेवायचं नाही.

धरलेलं बी पावसाळ्यात मरतं, आणि ठाणे-मुंबईत तर नक्कीच. बियातला ओलावा एक टक्क्यानं उतरला की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं; साठवणीचं तापमान ५ अंश सेल्सियसनं उतरलं तरी तसंच. म्हणून आधी खडखडीत वाळवणं, मग गारवा. कडक उन्हातल्या तापलेल्या पत्र्यावर वाळवू नका, सावलीत वाऱ्यावर ठेवा. दाताखाली बी दबलं तर ओलं, कटकन फुटलं तर तयार. घट्ट झाकणाची काचेची बाटली, तळाशी भाजून गार केलेल्या तांदळाची पुरचुंडी, आणि फ्रिजचा खालचा कप्पा. बाटली बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका, आधी ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आत दव धरतं. गावाकडे फ्रिज नव्हता तेव्हाही हे चालतच होतं: वालात राख मिसळून मडक्यात, कणसं चुलीवरच्या आढ्याला, काकडी-भोपळ्याचं बी शेणात कालवून भिंतीला थापलेलं. राख आणि धूर किडीला दूर ठेवतात. चवळी-वालाच्या दाण्यात भुंग्याची अंडी शेतातूनच आलेली असू शकतात. पूर्ण वाळलेलं बी आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवलंत तर ती मरतात. बाटलीवर नाव, बी कुणाकडून आलं ते आणि महिना-वर्ष लिहा. कांद्याचं बी वर्षभरात दम सोडतं, भेंडीचं दोन-तीन वर्षं चांगलं, टोमॅटो-काकडीचं चार-पाच वर्षंही टिकतं.

आणि टिकवण्याचा सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे वाटून टाकणं. तुमच्या बाटलीला भुंगा लागला तरी मैत्रिणीकडे बी असतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली ती हेच काम आयुष्यभर केल्याबद्दल. शाळेत न गेलेल्या या बाईंनी वाल-घेवड्यापासून भातापर्यंतचं गावठी बी घराघरांतून गोळा केलं, लावून जपलं आणि बायकांच्या गटांना दिलं. ग्रामीण विकासाचं काम करणाऱ्या बायफ संस्थेची साथ मिळाल्यावर त्याची रीतसर बीज बँक झाली. अशा बँकांत साधारण रीत असते की नेलेलं बी पीक आल्यावर दुपटीनं परत करायचं. कायद्याची भीती कुणी घातली तर सांगा: २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला बी जपण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. बंदी आहे ती संरक्षित वाणाचं बी त्याच्या ब्रँडखाली विकायला.

शहरात बीज बँक काढायची गरज नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लास्टिकच्या डब्या लुटण्यापेक्षा बियांच्या पुड्या लुटणाऱ्या बायका आता सोसायट्यांमधून दिसतात. फक्त जानेवारीत द्यायचं तर फेब्रुवारीत पेरता येईल असं द्या: भेंडी, गवार, चवळी, काकडी, राजगिरा. मेथीची पुडी त्या वेळी देऊन लोकांची निराशा करू नका. परदेशातल्या लेकीकडे जाताना मात्र पर्समध्ये पुडी लपवून नेऊ नका. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात बी जाहीर करावं लागतं, ते नेण्याचे नियम कडक आहेत आणि दंडही होतो. तिथल्या बियाणे विक्रेत्यांकडे भेंडी, मेथी, दुधी आता मिळतं; न्यू जर्सीत मे अखेरीस लावलेली भेंडी जुलै-ऑगस्टमध्ये भरपूर येते.

तुमच्या बाल्कनीत मी काय लावलं असतं ते सांगतो. मृगाचा पाऊस पडला की एका मोठ्या बादलीत गावठी वालाचे चार दाणे, त्यातले दोन वेल ठेवायचे. हा वेल ऑगस्ट-सप्टेंबरात नुसता पाला वाढवतो आणि लोक वैतागून उपटतात. उपटू नका, दिवस लहान व्हायला लागले की मगच त्याला फुलं धरतात. गणपतीनंतर ट्रेमध्ये पुसा रूबीचं बी, दसऱ्याला मेथी, दिवाळीच्या आसपास धणे. वालाला फुलं आली की कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा ही रस शोषणारी बारीक कीड हमखास येते. त्यावर सकाळी पाण्याचा जोरदार फवारा मारायचा आणि दोन आठवडे धीर धरायचा, मावा खाणारे ढालकिडे तोवर आपणहून येतात.